मुक्काम लिहिले, विसावा राहिला

तरावीहची नमाज आटोपून मंडळी घरी परतली, की चिखलीतल्या एका घरात रात्री साडेदहाच्या सुमारास एक वही उघडली जाते. इफ्तारचे दस्तरखान केव्हाच उचललेले असते. सहेरीसाठी पीठ मळून ठेवलेले असते. मधल्या तासाभरात घरातली पाचही माणसे त्या वहीभोवती बसतात. वहीच्या पहिल्या पानावर मुलीच्या ठसठशीत अक्षरात लिहिले आहे, ‘उमरा, दिवाळीची सुट्टी, १२ दिवस’.

घरातला कर्ता पुरुष चाकणच्या एका कारखान्यात गेली वीस वर्षे मशिन शॉपमध्ये आहे. त्याची पत्नी उर्दू शाळेत शिकवते. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मुलगा सहावीत. पाचवी व्यक्ती म्हणजे बहात्तर वर्षांची दादी. या घरातून आजवर कुणी परदेशी गेलेले नाही. पाच वर्षांची भिशी, कंपनीच्या पतपेढीतली ठेव आणि येत्या दिवाळीचा बोनस असे जुळवून हा बेत आखला गेला आहे. पाचही पासपोर्ट आले आहेत. ते कपाटात घराच्या कागदपत्रांपेक्षाही जपून ठेवले आहेत.

हज वर्षातून एकदाच, जिल्हज महिन्याच्या ठरलेल्या दिवसांत होतो. उमरा मात्र वर्षात इतर वेळी कधीही करता येतो. काबागृहाला सात फेरे म्हणजे तवाफ, सफा आणि मरवा या टेकड्यांमधील सात खेपा म्हणजे सई आणि मग केस उतरवणे, असे त्याचे मुख्य विधी. निवांतपणे केले तरी ते काही तासांत पूर्ण होतात. उरलेले दिवस असतात नमाजचे आणि जियारतचे. जियारत म्हणजे पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या आयुष्याशी आणि इस्लामच्या इतिहासाशी जोडलेल्या ठिकाणांना भेट. वहीतला सगळा वाद या उरलेल्या दिवसांचा आहे.

पहिल्या आठवड्यातच पान भरून गेले. मक्का, तायफ, मदिना, बद्र, जेद्दा आणि परतताना दुबई. सहा शहरे आणि एकूण चौतीस ठिकाणे. मुलीने प्रत्येकापुढे वेळही टाकली होती. कारखान्यातल्या उत्पादनाच्या तक्त्यासारखा तो तक्ता दिसत होता. एका रात्री तो दादीला वाचून दाखवला गेला. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि घरातल्या दखनीत एवढेच म्हणाली, “मेरेकू कुच दिखाव नक्को. जरा बैठने दो.” मला काही दाखवू नका, जरा बसू द्या.

त्या रात्री वही लवकर मिटली गेली.

जेव्हा जहाज ठरवत असे

दादीच्या या वाक्यामागे एक आठवण आहे. ती लहान असताना तिचे मामू जहाजाने हजला गेले होते. त्यांना निरोप द्यायला सारी आळी खेडच्या एसटी स्टँडवर जमली होती. ज्यांच्याशी कधी वाकडे बोलणे झाले होते, त्यांच्या घरी जाऊन मामूंनी आधीच ‘कहा-सुना माफ’ करून घेतले होते. देणी फेडली होती. परत येऊ की नाही, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसे.

मुंबईतले क्रॉफर्ड मार्केटजवळचे साबू सिद्दीक मुसाफिरखाना अशा हजारो यात्रेकरूंनी पाहिले आहे. गावोगावचे लोक पेटी, वळकटी आणि कोरडा शिधा घेऊन तिथे उतरत आणि जहाजाची वाट पाहत. मुघल लाइन कंपनीची जहाजे त्यांना जेद्दाला नेत. त्याही आधी, मोगल काळात, हजची जहाजे सुरतेहून सुटत. म्हणून सुरतेला ‘बाबुल मक्का’, मक्केचा दरवाजा, असे नाव पडले होते. मुंबई-जेद्दा हा हजचा समुद्रमार्ग १९९५ साली बंद झाला आणि प्रवास पूर्णपणे विमानाचा झाला.

जहाजाच्या काळात नियोजनाचा प्रश्न फारसा नव्हता. जहाज जेव्हा निघेल तेव्हा निघायचे, वारा आणि समुद्र नेईल तसे जायचे. जेद्दाला उतरल्यावर पूर्वी मदिन्यापर्यंत उंटांचे तांडे चालत, त्यालाच कित्येक दिवस जात. प्रवास लांब होता, पण त्यात थांबणे आपोआप होते. आज मुंबई ते जेद्दा विमानाला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. पुण्यातल्या मुलाला भेटायला नागपूरहून निघालेल्या माणसाचा प्रवास याहून मोठा असतो. वेळ वाचला, तसा वाचलेला प्रत्येक तास कशाने तरी भरलाच पाहिजे, असे वाटू लागले.

मामू परत आले तेव्हा त्यांनी किती ठिकाणे पाहिली, हे दादीला आठवत नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलेली एकच गोष्ट तिच्या लक्षात आहे. मदिन्याच्या मशिदीच्या अंगणात असरच्या नमाजनंतर ते रोज बसत आणि मगरिबची अजान होईपर्यंत उठत नसत. ऊन कसे उतरत जाते आणि कबुतरे कशी परततात, ते सांगत. साठ वर्षे दादीने ती संध्याकाळ मनात सांभाळली आहे. चौतीस ठिकाणांच्या तक्त्यात ती कुठेच नव्हती.

बसमधला सल्ला

चिखलीहून मोशीमार्गे चाकणला जाणारी कंपनीची बस नाशिक रस्त्यावरच्या कोंडीत रोज अडकते. इंद्रायणीचा पूल ओलांडेपर्यंत कधी अर्धा तास जातो. त्या बसमध्ये शेजारी बसणारा सहकारी वारकरी आहे. आषाढीला रजा टाकून तो दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला जातो. बसमध्ये सगळे त्यालाही माउलीच म्हणतात. रोज्याच्या दिवसांत तो आपला डबा शेजारी बसून उघडत नाही, मागच्या सीटवर जातो. त्याला कुणी तसे सांगितलेले नाही.

एका सकाळी वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो त्याला दाखवला गेला. त्याने तो बोटाने मोठा करत वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाला, “भाई, यात मुक्काम लिहिलेत. विसावा कुठाय?”

वारीच्या वेळापत्रकात रोजच्या मुक्कामाबरोबर सकाळचा विसावा, दुपारचा विसावा अशी ठिकाणे छापलेली असतात. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट हजारो म्हातारी माणसे पायी पार करतात, त्यात श्रद्धेइतकाच या विसाव्यांचाही वाटा आहे. “आमच्यात चालण्याइतकंच बसणंही ठरलेलं असतं,” तो म्हणाला. “तुमच्या आईंना या कागदावर बसायला जागाच नाही.”

ती बस त्या दिवशी चाकणला उशिरा पोहोचली, पण घरी जाताना कर्त्याच्या मनात पान फाडायचे नक्की झाले होते.

रजा, परीक्षा आणि चंद्र

पान फाडले तरी तारखा बदलण्यासारख्या नव्हत्या. त्या मोठ्या विचाराने ठरल्या होत्या. औद्योगिक पट्ट्यातल्या घराला सफरीसाठी तीन कॅलेंडरे एकत्र पाहावी लागतात. एक कारखान्याचे, एक शाळेचे आणि एक चंद्राचे.

मे महिन्याची सुट्टी सगळ्यात सोयीची वाटते. पण इस्लामी वर्ष चंद्राचे असल्याने ते सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते आणि हजचा काळ दरवर्षी तेवढा मागे सरकतो. सध्या तो मे-जूनच्या सुमारास येतो. हजच्या आधी काही आठवडे उमऱ्यासाठी गेलेल्यांना परतावे लागते आणि नवे प्रवेश थांबतात. त्यामुळे अलीकडच्या वर्षांत उन्हाळ्याच्या सुट्टीतला बराच भाग हातचा जातो. रमजानमधल्या उमऱ्याची ओढ प्रत्येकाला असते, त्याचे पुण्यही मोठे मानले जाते. पण तेव्हा गर्दी आणि हॉटेलांचे भाव दोन्ही शिगेला असतात, शिवाय मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात.

म्हणून पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या अनेक मुस्लिम घरांना दिवाळी सोयीची पडते. कारखान्याला सुट्टी, शाळेला सुट्टी, हातात बोनस आणि मक्केतला उन्हाळाही उतरलेला. शेजारी आकाशकंदील लावत असताना बॅगा भरायच्या, असा हा योग आहे.

आधी मदिना

नवे पान मांडताना पहिला बदल क्रमात झाला. बहुतेक जण जेद्दाला उतरून थेट मक्केला जातात. तसे केले, तर घरून निघतानाच किंवा विमानातच एहराम बांधावा लागतो. एहराम म्हणजे पुरुषांसाठी दोन न शिवलेली पांढरी वस्त्रे आणि सर्वांसाठी ठरावीक पथ्ये. मीकात नावाची जी सीमा आहे, ती एहरामशिवाय ओलांडायची नसते. रात्रभर मुंबईपर्यंतचा प्रवास, विमानतळावरचे तास, मग विमान आणि उतरताच उमरा. तरुणांना हे झेपते. बहात्तरीतल्या गुडघ्यांना पहिल्याच दिवशी तवाफ आणि सई झेपेलच, असे नाही. सईच्या सात खेपाच मिळून तीन किलोमीटरांहून अधिक चालणे होते.

त्याऐवजी आधी मदिना गाठायचे ठरले. मदिन्याला जाताना एहराम लागत नाही. जेद्दाच्या विमानतळावरच हरमैन एक्स्प्रेसचे स्थानक आहे. आपले विमान कोणत्या टर्मिनलला लागते, तेवढे आधी पाहून ठेवायचे. मक्का, जेद्दा आणि मदिना यांना जोडणारी ही सुमारे ४५० किलोमीटरची रेल्वे २०१८ साली प्रवाशांसाठी खुली झाली. ती ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावते. सहावीतल्या मुलाला दुबई हवी होती ती बुर्ज खलिफासाठी. रेल्वेचा वेग ऐकल्यावर त्याची नाराजी निम्मी झाली.

मदिन्यात पाच रात्री विसावून मग मक्केला निघायचे. हॉटेलातच गुस्ल करून एहराम बांधायचा आणि मदिन्याजवळची जुलहुलैफा ही मीकात ओलांडण्याआधी उमऱ्याची नियत करायची. तोवर दादीचे शरीर तिथल्या हवेला आणि वेळेला सरावलेले असेल. सौदी अरबची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाला तिथे अडीचलाच जाग येणार. इतरांना ही अडचण वाटेल. दादीला तहज्जुदची नमाज आयतीच साधेल.

मदिन्याची यादी

मदिन्याच्या यादीत तेरा ठिकाणे होती, उरली सहा. पहिले स्थान अर्थातच मस्जिदे नबवी. तिथला पैगंबरांच्या हुजऱ्यापासून मिंबरपर्यंतचा भाग ‘रियाजुल जन्ना’, म्हणजे स्वर्गातला बगिचा, मानला जातो. तिथे नमाजसाठी जायला आता नुसुक या सरकारी अ‍ॅपवर आधी वेळ घ्यावी लागते आणि पुरुषांच्या व स्त्रियांच्या वेळा वेगळ्या असतात. म्हणजे दादी, सून आणि नात यांची वेळ एक, तर बाप-लेकाची दुसरी. ही वेळ आधी नक्की करायची आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती मांडायचा, असे मुलीने लिहून ठेवले.

दुसरे कुबा. हिजरतनंतर पैगंबरांनी उभारलेली ही पहिली मस्जिद मस्जिदे नबवीपासून तीन-चार किलोमीटरवर आहे. पैगंबर दर शनिवारी कधी पायी, तर कधी स्वारीवर कुबाला जात, असे हदीसमध्ये आले आहे. घरून वुजू करून तिथे नमाज अदा करणाऱ्याला उमऱ्याचे पुण्य मिळते, असेही सांगितले आहे. आता मधल्या वाटेवर पायी जाण्यासाठी प्रशस्त मार्ग झाला आहे. बाप आणि मुले पायी जाणार. दादी वाहनाने जाणार. त्यात तिला कमीपणा वाटायचे कारण नाही, कारण स्वारीही सुन्नतच आहे. मदिन्यातल्या पाच दिवसांत एक शनिवार यायलाच हवा, म्हणून विमानाचा वार पुन्हा तपासला गेला.

तिसरे उहुद. शहराच्या उत्तरेला पाचेक किलोमीटरवरच्या या डोंगराच्या पायथ्याशी हिजरी तीनमध्ये लढाई झाली. पैगंबरांचे काका हजरत हमजा आणि इतर शहीद तिथे दफन आहेत. तिरंदाजांनी जागा सोडल्यामुळे हातची लढाई कशी फिरली, ते समोरच्या लहान टेकडीवरून चटकन समजते. नमाजची दिशा बदलल्याच्या घटनेशी जोडलेली मस्जिदे किबलतैन आणि खंदकची जागा याच फेरीत वाटेवर होतील.

सहावे ठिकाण बापाने मागून घेतले. मदिन्यात कुराण छापण्याचे किंग फहद संकुल आहे, १९८४ साली सुरू झालेले. जगभर वाटल्या जाणाऱ्या प्रती तिथे छापल्या जातात. आयुष्य यंत्रांसमोर गेलेल्या माणसाला ती यंत्रे पाहायची आहेत. प्रवेशाची वेळ आधी विचारून घ्यायची. मुलीच्या मनात जुने हिजाज रेल्वेचे स्थानक आहे. दमास्कसहून निघालेली ही सुमारे १,३०० किलोमीटरची रेल्वे १९०८ साली मदिन्यापर्यंत पोहोचली. तिच्यासाठी जगभरातल्या मुसलमानांनी वर्गणी दिली होती, त्यात हिंदुस्थानातलेही होते. पहिल्या महायुद्धात ती मोडली. ते स्थानक वेळ उरला तर बाहेरून पाहायचे, म्हणून मुलीने ते यादीबाहेर समासात लिहिले.

बद्र खोडले कुणी?

खरा प्रश्न बद्रचा होता. मदिन्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर हे मैदान आहे. हिजरी दोनच्या सतराव्या रमजानला तिथे ३१३ मुसलमान त्यांच्याहून तिप्पट फौजेसमोर उभे राहिले. याच रमजानच्या सतराव्या तारखेला तरावीहनंतर मशिदीत त्यावर बयान झाले होते. कर्त्या पुरुषाने लहानपणापासून दर रमजानला ते ऐकले आहे. चौतीस ठिकाणांत त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले एकच ठिकाण होते, बद्र.

जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर म्हणजे पूर्ण दिवस. दादीला एकटे ठेवून जाता येत नाही आणि गाडीत घालून नेले, तर दुसरा दिवस तिच्या पायांच्या सुजेत जातो. पत्नी म्हणाली, “आप और बेटी जाव, मैं अम्मीके पास रुकती.” त्याने वही घेतली आणि बद्रवर स्वतः रेघ ओढली. पाच रात्रींतली एक संध्याकाळ आईला सोडून दुसरीकडे घालवायची, हे त्याला पटेना. कुणी काही बोलले नाही. मुलीने तो शब्द पूर्ण खोडला नाही. शेजारी ‘पुढच्या वेळी, इन्शाअल्लाह’ असे लिहिले.

असेच तायफचे झाले. मक्केच्या आग्नेयेला, डोंगरावरचे हे थंड हवेचे शहर गुलाबांसाठी प्रसिद्ध आहे. याच तायफच्या लोकांनी पैगंबरांना दगड मारून रक्तबंबाळ केले होते आणि त्यांनी मात्र त्यांना शाप दिला नव्हता. ठिकाण मोलाचे आहे. पण ते मीकातीच्या पलीकडे असल्याने हनफी मतानुसार मक्केत परतताना पुन्हा एहराम आणि पुन्हा उमरा आला. ज्याला दुसरा उमरा करायचाच आहे त्याच्यासाठी ही संधी आहे, पण थकलेल्या माणसासाठी ते ओझे होईल. तायफही पुढच्या वेळेवर गेले.

मक्केतले दोन गट

मक्केत पाच रात्री. पहिला नियम असा ठरला की, उमऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हरमशिवाय काहीच नाही. सईसाठी चाकाची खुर्ची घ्यायची की नाही, हे दादीने तिथे गेल्यावर ठरवायचे. घरी बसून तिच्या वतीने कुणी ठरवायचे नाही.

जबले नूर हा डोंगर साऱ्यांना पाहायचा होता. त्याच्या माथ्याजवळच्या हिरा गुहेत कुराणाच्या पहिल्या आयती उतरल्या. चढण हजाराहून अधिक पायऱ्यांची आहे आणि सावली नाही. बाप आणि मुलगी फजरच्या नमाजनंतर चढतील. दादी, सून आणि मुलगा पायथ्याशी नव्याने झालेल्या हिरा सांस्कृतिक केंद्रात थांबतील. तिथे वहीचा, म्हणजे ईश्वरी संदेशाच्या अवतरणाचा, इतिहास मांडलेला आहे. सौर डोंगर याहून अवघड असल्याने तो खालूनच पाहायचा.

मिना, मुजदलिफा आणि अरफात या हजच्या जागा एकाच फेरीत गाडीतून पाहता येतात. त्या भागात मुलीला एक गोष्ट शोधायची आहे, जुबैदा कालवा. बगदादचा खलिफा हारून रशीद याची बेगम जुबैदा हिने सुमारे १,२०० वर्षांपूर्वी मक्केचे आणि यात्रेकरूंचे पाण्याचे हाल पाहून डोंगरातून दगडी कालवा आणवला. त्याचे अवशेष आजही दिसतात. उतार किती ठेवला असेल, दगड कसे सांधले असतील, हे प्रश्न तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत. काबागृहाच्या किस्व्याचा कारखानाही मक्केत आहे. सुमारे ६७० किलो रेशीम आणि सोन्या-चांदीचा मुलामा दिलेल्या तारा वापरून हे आच्छादन विणले जाते. ते दरवर्षी बदलतात. परवानगी मिळाली तर तो पाहायचा, नाही मिळाली तर त्या दिवशी झोपायचे.

दुबईचे काय?

दुबई खोडताना मुलाचे डोळे भरले. तिथे दोन रात्री म्हणजे वेगळा व्हिसा, वेगळे हॉटेल आणि पाच जणांच्या सामानाची पुन्हा चढ-उतार. त्याबदल्यात शेवटचा एक दिवस जेद्दाला दिला गेला. तिथे समुद्रकाठी राजा फहद यांच्या नावाचे कारंजे आहे. त्याचे पाणी सुमारे २६० मीटर उंच उडते. बुर्ज खलिफा ८२८ मीटरचा. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याला थोडे कमी, असा हिशेब मुलाने लगेच केला. पण ते पाणी आहे आणि पाणी एवढे वर जाते, यावर तो राजी झाला.

जेद्दाच्या जुन्या भागाला अल-बलद म्हणतात. २०१४ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांची उंच घरे आणि त्यांच्या भिंतीबाहेर आलेल्या नक्षीदार लाकडी खिडक्या, त्यांना ‘रोशन’ म्हणतात. याच बंदरावर जहाजातून उतरलेले हाजी बाब मक्का या वेशीतून मक्केच्या वाटेला लागत. दादीच्या मामूंचे जहाजही इथेच लागले होते. हे कळल्यावर पहिल्यांदाच दादीने स्वतःहून विचारले, “वहाँ मेरेकू चलना पडेगा क्या?” तिला पाहायचे होते.

शरियत काय सांगते

या साऱ्या काटछाटीला धर्मात आधार आहे. कुराणात माणसांना पृथ्वीवर फिरून आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहण्यास अनेकदा सांगितले आहे. म्हणजे पाहणे हाही इबादतीचाच भाग होऊ शकतो. पण त्याच शरियतने मुसाफिराचे ओझेही हलके केले आहे. चार रकातींची फर्ज नमाज प्रवासात दोनच रकातींची होते. तिला कस्र म्हणतात. रमजानमधल्या प्रवासात रोजा सोडून नंतर भरून काढण्याची मुभा आहे. हनफी मतानुसार एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी राहण्याचा इरादा असेल, तर माणूस मुसाफिरच राहतो. कोकणातल्या शाफई घरांत हा हिशेब चार दिवसांचा आहे. मुकीम, म्हणजे स्थानिक, इमामाच्या मागे नमाज पढताना मात्र ती पूर्णच पढायची असते.

या सवलतीला ‘रुख्सत’ म्हणतात. अल्लाहने दिलेली रुख्सत घेतलेली त्याला आवडते, अशा आशयाची हदीस आहे. जिथे फर्ज नमाजही निम्मी होते, तिथे हौसेने लिहिलेली चौतीस ठिकाणे निम्मी झाली, तर बिघडले काय? सफरीतून परतल्यावर चौतीस फोटो आणि आजारी आई, की पंधरा ठिकाणे आणि समाधानी आई, हा तो हिशेब होता. प्रत्येक घराला तो आपापल्या सगळ्यात थकलेल्या माणसाकडे पाहून करावा लागतो.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मोहल्ल्याच्या मशिदीत काही जण एतकाफला बसतात. ते कुठेही जात नाहीत. एका कोपऱ्यात चादर बांधून बसतात आणि त्यालाच इबादत म्हणतात. दादीने एवढेच मागितले होते.

वहीचे शेवटचे पान

सत्ताविसाव्या रात्रीच्या आधी वही पूर्ण झाली. चार शहरे कमी होऊन तीन राहिली नाहीत. सहाची तीन झाली. मदिना, मक्का, जेद्दा. ठिकाणे पंधरा. प्रत्येक दिवसाला सकाळी एकच फेरी, दुपारी झोप. आणि मदिन्याच्या पाचही दिवसांत एक ओळ सारखी आहे. ती मुलाच्या हातून लिहून घेतली, कारण त्याचे अक्षर दादीला चश्म्याशिवाय वाचता येते.

‘असर ते मगरिब: दादी. काही नाही.’

“काही नाही म्हणजे काय करायचं?” त्याने लिहिता लिहिता विचारले.

“बैठनेका,” दादी म्हणाली. “तूभी बैठ मेरे बाजू.”

दुसऱ्या दिवशी बसमध्ये माउलीने नवा फोटो पाहिला. ती ओळ सापडेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

चौकट
पहिल्या परदेश सफरीचे नियोजन करताना

• परतीच्या तारखेनंतरही पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक आहे ना, ते पाचही पासपोर्टांवर तपासा.

• उमऱ्याचे प्रवेश हजपूर्वी कधी थांबतात, हे पाहूनच रजा टाका. लसीचे आणि व्हिसाचे नियम बदलत असतात. तिकीट काढण्याआधी अधिकृत ठिकाणी खात्री करा.

• ज्या ठिकाणांना आगाऊ वेळ घ्यावी लागते, ती आधी पक्की करा. बाकीचा दिवस त्यांच्याभोवती मांडा.

• दोन शहरांमधल्या प्रवासाच्या दिवशी दुसरे काही ठेवू नका.

• मक्का-मदिन्यात गुरुवार रात्र आणि शुक्रवारी गर्दी जास्त असते. बाहेरच्या फेऱ्या इतर दिवशी ठेवा, जुमा हरममध्येच.

• स्वस्त पण दूरचे हॉटेल घेण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना दिवसातून पाच वेळा तेवढे अंतर चालणे जमेल का, हे इथेच चालून पाहा.

• औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. हॉटेलचे कार्ड आणि घरच्या माणसाचा फोन नंबर प्रत्येकाच्या खिशात असू द्या, लहान मुलांच्या आणि वृद्धांच्याही.